शेवटचा माणूस बाहेर आला का? कारखान्यातून बाहेर पडण्याचा आराखडा असा करा

बंब फाटकात शिरला की अग्निशमन दलाचा अधिकारी सगळ्यात आधी विचारतो, ‘आत कोणी आहे का?’ ‘बहुतेक सगळे बाहेर आलेत’ या उत्तराचा त्याला काहीच उपयोग नसतो. जवान आत पाठवायचे की नाही, पाठवायचे तर कुठल्या मजल्यावर, हे त्यावरून ठरत नाही. त्याला हवं असतं ते असं: ‘१२० पैकी ११९ बाहेर आहेत. एक राहिलाय. शेवटचा दुसऱ्या मजल्यावर, पॅकिंगच्या मागच्या खोलीत दिसला होता.’

भोंगा वाजल्यापासून पाच मिनिटांत हे सांगता यावं, एवढ्यासाठीच सगळा आराखडा करायचा असतो. भिंतीवर बाणांचा नकाशा लावून काम सुरू करणाऱ्यांचं बहुधा तिथेच थांबतं. म्हणून इथे उलटीकडून येऊ: आधी हजेरी, मग जमायची जागा, मग दारं, आणि त्यानंतर भोंगा.

उदाहरणासाठी एमआयडीसीत सर्रास दिसणारं युनिट घेऊ. तळमजल्यावर मशीनशॉप, वर दोन मजले असेंब्ली आणि पॅकिंगचे, मागे गोडाऊन, बाजूच्या शेडमध्ये थिनरचे ड्रम. एका पाळीत १२० माणसं.

आत किती माणसं आहेत?

हा प्रश्न सोपा वाटतो, पण बहुतेक ठिकाणी चूक इथेच सापडते. पंचिंग मशीन सांगतं ते कायम कामगारांचं. काँट्रॅक्टच्या मुलांचं मस्टर मुकादमाकडे असतं, आणि मुकादम दुसऱ्या प्लॉटवर गेलेला असतो. गोडाऊनला माल उतरवणारे माथाडी, केबिनमध्ये झोपलेला ट्रकचा ड्रायव्हर, कॅन्टीनवाला, एसी दुरुस्तीला आलेला मेकॅनिक, कुठल्याच यादीत नसलेला शिकाऊ उमेदवार ही माणसं मोजणीत धरलेलीच नसतात. शिवाय वीज गेली की पंचिंगचा संगणक बंद पडतो, आणि तो असतोही आतच.

यावर उपाय कागदाचा आहे आणि तो फाटकावर ठेवायचा. पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने विभागवार यादी छापून, क्लिपबोर्डला लावून सिक्युरिटी केबिनमध्ये ठेवायची. पाहुणे, ड्रायव्हर आणि बाहेरचे कारागीर यांच्यासाठी वेगळं रजिस्टर. त्यात आत जाण्याची वेळ, बाहेर पडण्याची वेळ आणि ‘कोणाकडे, कुठल्या विभागात’ हे तीन रकाने हवेतच. मधेच बँकेत किंवा दवाखान्यात गेलेल्याची नोंद गेट पासवर होते, तीच यादीतही करायची. नाही तर बाहेर गेलेल्या माणसासाठी जवान आगीत शिरतील.

ज्यांना यादी जमत नाही त्यांनी टोकन वापरावं. फाटकाशी खिळ्यांचा फळा, प्रत्येकाचं क्रमांकाचं बिल्लं. आत जाताना बिल्लं उचलायचं, बाहेर जाताना परत टांगायचं. रिकामे खिळे म्हणजे आतली माणसं. कारखान्यात ५० पर्यंत लोक असतील तर संगणकापेक्षा हा फळा जास्त भरवशाचा.

मोजणी एकट्याने १२० जणांची करायची नाही. दर १५ ते २० माणसांमागे एक गटप्रमुख नेमा, आणि प्रत्येक पाळीला त्याचा एक बदली माणूसही. त्याने येऊन फक्त एवढंच सांगायचं: ‘पॅकिंग, १८ पैकी १८.’ नावं पुकारत बसायची ती आकडा जुळला नाही तरच.

रात्रपाळी आणि मुक्कामी माणसं यांचा विचार वेगळा करावा लागतो. ३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोज्यांच्या कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेल्यांपैकी सहा कामगार गेले. कारखान्यात कोणालाही झोपू देऊ नये, हा नियम बिनतोड पाळायला हवा. राहायची सोय करायची असेल तर ती वेगळ्या इमारतीत, स्वतंत्र दार असलेली हवी.

जमायची जागा

असेंब्ली पॉइंटची हिरवी पाटी पुष्कळदा फाटकाच्या आतच, बंब जिथून येणार त्याच रस्त्यावर लावलेली असते. ती हलवा. जागा निवडताना आधी अंतर बघायचं. इमारतीच्या उंचीच्या दीडपट तरी लांब उभं राहावं, म्हणजे काचा आणि पत्रे अंगावर येणार नाहीत. डोक्यावर विजेच्या तारा नकोत. जवळ ट्रान्सफॉर्मर, डीजी सेटची (जनरेटरची) डिझेल टाकी, गॅस सिलिंडरचा पिंजरा नको. गटागटाने रांगेत उभं राहायला माणशी एक चौरस मीटर धरा. म्हणजे आपल्या १२० जणांना साधारण १० बाय १२ मीटर मोकळी जागा लागेल. ट्रक पार्किंगमध्ये ती असेल तर पिवळा पट्टा मारून तिथे गाडी लावायची बंदी करावी.

जागा एक पुरत नाही. दोन हव्यात, आणि त्या इमारतीच्या विरुद्ध बाजूंना. कारण वारा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा मुख्यतः नैर्ऋत्य-पश्चिमेकडून येतो, हिवाळ्यात पूर्व-ईशान्येकडून. तारापूर, तळोजा, रोहा अशा समुद्राजवळच्या वसाहतींत तर तो एकाच दिवसात फिरतो: दुपारी समुद्रावरून आत, रात्री जमिनीवरून समुद्राकडे. दिवसपाळीला सुरक्षित असलेली जागा रात्रपाळीला धुरात सापडू शकते. गच्चीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी लावा. ती फाटकावरून आणि दोन्ही जागांवरून दिसली पाहिजे, आणि रात्री तिच्यावर दिवा हवा. कुठल्या जागी जायचं ते पाळीप्रमुख तिच्याकडे बघून सांगेल.

दारं आणि जिने

फीत घेऊन मोजायला बसा. कारखान्यातल्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यात उभं राहून बाहेरच्या दारापर्यंत किंवा सुरक्षित जिन्यापर्यंत प्रत्यक्ष चालत जा. मशीनला वळसा घालून, पॅलेटच्या मधून, जसं माणूस जाईल तसं. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर नेहमी कमी भरतं. पक्क्या बांधकामाच्या इमारतीत राष्ट्रीय बांधकाम संहिता २०१६ प्रमाणे हे अंतर कमी-मध्यम धोक्याच्या कारखान्यात ४५ मीटरच्या आत, जास्त धोक्याच्या कारखान्यात २२.५ मीटरच्या आत आणि कार्यालयात ३० मीटरच्या आत हवं.

रुंदीचा हिशेब संहितेत माणशी मिलिमीटरवर आहे: कारखाना किंवा कार्यालयात जिन्याला माणशी १० मिमी, सपाट वाटेला आणि दाराला माणशी ६.५ मिमी. म्हणजे १.२ मीटर रुंद जिना १२० जणांना पुरतो आणि १ मीटरचं दार १५० जणांना. कागदावर आपलं युनिट सहज पास. पण त्याच जिन्यावर एका बाजूला खोके रचले आणि ४० सेंटीमीटर गेले, की उरतो ८०. आणि खोका पायात येऊन एक माणूस पडला तर उरत काहीच नाही. म्हणून जिना आणि त्याखालची जागा कायम रिकामी ठेवायची. जिन्याखाली बसवलेलं इलेक्ट्रिक पॅनेल, रद्दी आणि दुचाकी यांतून आग लागली तर ती थेट सुटकेच्या वाटेवरच लागते.

प्रत्येक मजल्याला बाहेर पडायचे दोन रस्ते हवेत, आणि ते एकमेकांपासून लांब. शेजारी शेजारी दोन दारं म्हणजे धुराच्या दृष्टीने एकच दार. हिशेब करताना एक रस्ता बंद पडलाय असं धरून दुसऱ्यावर सगळी माणसं मोजून बघा. दिल्लीत मुंडका इथे १३ मे २०२२ ला लागलेल्या आगीत २७ जण मेले. त्या इमारतीला खाली यायला एकच जिना होता.

दार बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे आणि आतून किल्लीशिवाय, एका हाताने. बाहेर पडायचा रस्ता म्हणून शटर धरू नका. वीज गेली की मोटारचं शटर अर्ध्यात अडकतं, हाताने उचलायला ताकद आणि वेळ दोन्ही लागतं. शटरच हवं असेल तर शेजारी माणसाला जाण्याइतकं स्वतंत्र दार काढा. खिडक्यांना लावलेल्या ग्रिलपैकी प्रत्येक मजल्यावर निदान एक आतून उघडणारी हवी.

कुलूप लावण्यामागचं कारण जवळपास नेहमी एकच असतं: चोरी. माल मागच्या दाराने जातो म्हणून मागचं दार बंद. न्यूयॉर्कमध्ये २५ मार्च १९११ ला ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यात १४६ कामगार मेले, त्यात बहुतेक तरुण मुली होत्या, आणि तिथलं जिन्याचं दार याच भीतीपोटी कुलूपबंद होतं. त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. तरीही आपल्या वसाहतींत ‘किल्ली सुपरवायझरकडे असते’ हे वाक्य अजून ऐकू येतं. चोरी रोखायची असेल तर दाराला ढकलपट्टी लावा, म्हणजे पॅनिक बार, आणि तिला घंटा जोडा. दार उघडलं की सिक्युरिटीकडे ती वाजेल. पिशव्या तपासायच्या त्या कंपाउंडच्या फाटकावर तपासा, इमारतीच्या दारात नाही.

इमर्जन्सी दिवे बॅटरीवर निदान दीड तास चालले पाहिजेत. दर महिन्याला मेन स्विच पाडून खात्री करा. ‘टेस्ट’चं बटण दाबून दिवा क्षणभर लागतो, पण तेवढ्याने बॅटरी दीड तास टिकते हे कळत नाही. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना अंधारात चमकणारी पट्टी लावा. धूर वर साठतो आणि दारावरची ‘एक्झिट’ पाटी सगळ्यात आधी दिसेनाशी होते, म्हणून खूण गुडघ्याखाली हवी.

भोंगा

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. धूर दिसल्यावर कामगार सुपरवायझरला शोधतो, सुपरवायझर जाऊन बघतो, मग मॅनेजरला फोन लावतो, मॅनेजर मालकांना विचारतो. तोवर आग छतापर्यंत गेलेली असते. नियम एकच ठेवा: धूर किंवा ज्वाळा ज्याला दिसेल त्याने जवळचं बटण दाबायचं, मग तो झाडूवाला असो वा मालक. परवानगी लागत नाही. चुकून दाबलं तरी कोणी ओरडायचं नाही. पहिल्याच खोट्या अलार्मला एखाद्याला झापलं, की पुढच्या वेळी बटणाला कोणी हात लावणार नाही.

आवाज पाळीच्या भोंग्यापेक्षा आणि जेवणाच्या घंटेपेक्षा अगदी निराळा हवा. दोन संकेत पुरे: सलग वाजला तर बाहेर पडा, तुटक वाजला तर वायुगळती, पुढच्या सूचनेकडे लक्ष द्या. तीन-चार संकेत ठरवले तर ऐन वेळी कोणालाच आठवत नाहीत. सगळी मशीन चालू असताना वाजवून बघा. प्रेसशॉप आणि कॉम्प्रेसर रूममध्ये तो ऐकूच येत नाही असं निघतं, तिथे फिरणारा लाल दिवा लावावा लागतो. कानात प्लग घालून काम करणाऱ्यांसाठीही तोच. वीज गेली तर? फाटकावर हाताने फिरवायचा सायरन ठेवा.

लाउडस्पीकरवरची सूचना मराठीत आणि हिंदीत, छोटी, आधी लिहून ठेवलेली असावी. कामगार उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे असतील तर ती त्यांनाच वाचून दाखवून, त्यांना काय कळलं ते विचारा. ‘कृपया निर्गमन मार्गाचा अवलंब करावा’ असलं वाक्य नको. ‘आग लागली आहे. काम सोडा. जिन्याने खाली या. लिफ्ट नाही.’

कोणी काय करायचं

हुकूम पाळीप्रमुखाचा. मालक किंवा मॅनेजर हजर असले तरी त्यांनी मधे पडू नये, कारण रात्री दोन वाजता तो एकटाच असणार आहे आणि त्याला सवय असायला हवी.

प्रत्येक मजल्याला दोन मार्शल. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढताना शेवटी निघायचं आणि निघताना ठरलेल्या क्रमाने संडास, कपडे बदलायची खोली, स्टोअर, पोटमाळा, नमाज किंवा विश्रांतीची जागा बघायची. मुंबईत कमला मिल्समध्ये २९ डिसेंबर २०१७ ला १४ जण मेले, त्यांतले बरेच जण स्वच्छतागृहात सापडले. धुराला घाबरलेला माणूस पाणी असेल तिकडे पळतो. ही फेरी एका मिनिटात संपली पाहिजे. जिथे धूर आहे तिथे मार्शलने शिरायचं नाही, बाहेर येऊन ‘मागची खोली तपासली नाही’ असं सांगायचं. खोली बघून झाली की दार ओढून घ्यायचं, कडी न लावता. बंद दार धुराला बराच वेळ अडवतं. समोरचं दार बंद असेल तर उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. गरम लागलं तर दुसरा रस्ता.

मशीन बंद करायचं काम फक्त नेमलेल्या माणसांचं. एका बटणात बंद होणारं असेल तर करा, नाही तर सोडून निघा. बॉयलर, रिअॅक्टर, हीटर बाथ, वेल्डिंगचे सिलिंडर यांच्यासाठी कोणी, काय, कुठल्या क्रमाने बंद करायचं हे त्या मशीनवरच चिकटवलेलं हवं, आणि किती वेळानंतर काम अर्धवट टाकून पळायचं तेही.

आग विझवायला थांबायचं की नाही? आग विझवायचा सहा किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर साधारण १५ ते २० सेकंदांत संपतो. आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल, भोंगा वाजलेला असेल, पाठीमागे दार असेल आणि वापरणाऱ्याने आधी एकदा तरी सिलिंडर चालवलेला असेल, तरच प्रयत्न करा. एक सिलिंडर संपूनही विझली नाही तर बाहेर.

ज्याला जिना उतरायला अडचण आहे, ज्याला ऐकू येत नाही, जी गरोदर आहे, अशा प्रत्येकासाठी त्या पाळीतल्या दोघांची नावं ठरलेली असावीत. प्लास्टरमधला पाय घेऊन परत आलेला कामगारही यात येतो. शक्य असेल तर त्यांचं काम तळमजल्यावर द्या. एवढ्याने निम्मा प्रश्न मिटतो.

एकदा बाहेर आलेला माणूस आत जात नाही. मोबाइल, डबा, गाडीची किल्ली, कशासाठीही नाही. पार्किंगमधून दुचाकी काढायची धडपड हा आपल्याकडचा खास घोटाळा. फाटकात दुचाकींची कोंडी होते आणि बंब बाहेर उभा राहतो. पार्किंगच्या तोंडाशी एक सिक्युरिटी गार्ड उभा करा.

वायुगळती आणि भूकंप

वायुगळतीत ‘दाराकडे पळा’ हा आगीचा नियम लोकांना मारू शकतो. भोपाळमध्ये २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री लोक घरातून बाहेर पडून वायूच्या ढगातून, त्याच्याच बरोबर पळाले. वाऱ्याची पिशवी बघून वाऱ्याला आडवं जायचं, ढगाच्या बाहेर आल्यावर वाऱ्याच्या उलट दिशेला. क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतात, तळघरात, गटारात, खोलगट जागी साठतात. त्यांच्यापासून उंचावर जा. अमोनिया हवेपेक्षा हलका खरा, पण शीतगृहाच्या पाइपातून गळताना थंडीमुळे त्याचा ढग जमिनीलगत राहतो. तो पाण्यात चटकन विरघळतो, म्हणून नाका-तोंडावर ओला कपडा उपयोगी पडतो. ढग बाहेर आणि तुम्ही बंद खोलीत असाल तर एसी-एक्झॉस्ट बंद करून, फटींना ओले कपडे लावून आतच थांबणं बरं. गळती शेजारच्या प्लॉटवरची असू शकते, म्हणून शेजारी काय साठवतात याची यादी मागून घ्या.

भूकंपात हलत असताना धावायचं नाही. टेबलाखाली किंवा मजबूत आधाराशी बसायचं, रॅकपासून लांब. थांबल्यावर बाहेर.

अग्निशमन दलाला सांगताना

१०१ किंवा ११२, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. तुमच्या एमआयडीसी अग्निशमन केंद्राचा थेट क्रमांकही फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. फोनवर क्रमाने सांगा: प्लॉट क्रमांक आणि वसाहतीचं नाव, ओळखीची खूण, काय जळतंय, माणसं अडकलीत का, कुठल्या फाटकाने या. तिकडून ‘ठीक आहे’ येईपर्यंत फोन ठेवू नका. एक माणूस कोपऱ्यावर उभा करा. फाटक बंब सहज आत शिरेल एवढं मोकळं हवं, वर कमान असेल तर तीही तेवढी उंच.

फाटकावर एक पिशवी तयार असावी. तिच्यात हजेरीची यादी, प्रत्येक मजल्याचा आराखडा, रसायनांची यादी आणि ती कुठे ठेवलीत त्याचा नकाशा, गॅस-वीज-पाण्याच्या मुख्य झडपा आणि स्विच कुठे आहेत ते, दोन टॉर्च, शिट्टी, प्रथमोपचार. अधिकाऱ्याच्या हातात ती पिशवी दिली की तो तुम्हाला प्रश्न विचारत बसणार नाही.

ड्रिल

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते यंत्रणेचं झालं. माणसांची तयारी ड्रिलमध्येच कळते. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी घ्या. पहिलं ड्रिल सांगून, नंतरची न सांगता. एक रात्रपाळीला आणि एक भर पावसात जुलैमध्ये हवंच. पावसात लोक उघड्यावर न थांबता जवळच्या शेडखाली शिरतात आणि मोजणी कोलमडते, हे कोरड्या हवेत कधीच कळत नाही.

दोन वेळा नोंदवा: शेवटचा माणूस बाहेर आला ती, आणि मोजणी पूर्ण झाली ती. पहिली तीन मिनिटांत, दुसरी पाच मिनिटांत यायला हवी. दुसऱ्या-तिसऱ्या ड्रिलला एका दारावर ‘इथे धूर आहे’ अशी पाटी धरून माणूस उभा करा. बहुतेकजण रोज ज्या दाराने येतात त्याच दाराकडे जातात आणि तिथे अडकून पडतात. उपाय म्हणून आठवड्यातून एक दिवस पाळी सुटताना सगळ्यांना मागच्या जिन्याने बाहेर सोडा. आणि कधी एखाद्या मार्शलला गुपचूप संडासात थांबायला सांगा. मोजणीत तो कमी आहे हे किती वेळात सापडतं, ते घड्याळात बघा.

नवं पार्टिशन घातलं, मशीन हलवलं, नवा काँट्रॅक्टर आला, पोटमाळा टाकला की फीत घेऊन पुन्हा त्या सगळ्यात आतल्या कोपऱ्यापासून चालत यायचं आणि नवं अंतर आराखड्यावर तारखेसह लिहायचं.